सहाव्या गोणीला मोडलेला पंख



या सदरात आम्ही सहसा शिष्यवृत्तीचे फॉर्म, जातीचे दाखले, रेशनकार्डातली नावे आणि वसतिगृहाचे प्रवेश यांवर लिहितो. एका वाचक भगिनीने मागे आम्हांला ऐकविलेही होते की, "दादा, तुमचे सदर वाचले की तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहिल्यासारखे वाटते." तक्रार रास्त आहे. तेव्हा आज रांग सोडून थोडे आकाशाकडे पाहू. विषय आहे घरच्या घरी लाकडाचे छोटे विमान बनविण्याचा. हसू नका. हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो मोखाड्याहून एस.टी.ने जव्हारला आमच्या दारात आला.

झाले ते असे. रविवारी सकाळी आम्ही अभ्यासिकेत मुलांचे अर्ज तपासत बसलो होतो. तेवढ्यात एक वीस वर्षांचा मुलगा चप्पल बाहेर काढून आत आला. वारली समाजाचा, मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. आयटीआयला सुतारकाम शिकलेला. म्हणाला, "साहेब, तुम्ही अर्ज चांगला लिहिता असं सांगितलं. मला दोन लाखांसाठी अर्ज लिहून द्या." आम्हांला वाटले, घरकुल असेल, नाहीतर गाय-म्हैस योजना. त्याने मोबाईल पुढे केला. त्यात परदेशातला कुणी गृहस्थ आपल्या मोटारीच्या शेडमध्ये लाकडाच्या पट्ट्या जोडून एक माणूस बसेल एवढे विमान बनवीत होता. "मी एक पंख केलाय. आठ फुटांचा," मुलगा म्हणाला.

अर्ज लिहिण्याआधी चार प्रश्न विचारायचे, ही कारकुनाची खोड. इंजिन कुठून आणणार? जुन्या मोटारसायकलचे. उडविणार कुठे? सूर्यमाळच्या पठारावर, कड्याच्या बाजूने, म्हणजे पळायला जागा कमी लागेल. आणि अर्ज नाही मंजूर झाला तर पैसे? यावर तो जरा थांबला. मग म्हणाला, "बाबा भट्टीवाल्याकडून जास्तीची उचल घेतील."

इथे आम्ही हातातला पेन खाली ठेवला. जव्हार-मोखाड्यात राहणाऱ्याला उचल म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, आधी घेतलेले पैसे अंगावर फेडतात, आणि पावसाळ्याच्या तोंडी परत येताना पुष्कळदा हिशेब बापाच्या अंगावरच निघतो. एका बाजूला सूर्यमाळचा कडा आणि दुसऱ्या बाजूला भट्टीची उचल. या दोन्हींच्या मध्ये एक हुशार मुलगा आठ फुटांचा पंख घेऊन उभा होता. त्याला "वेडा आहेस" म्हणून परत पाठविणे सोपे होते. पण आमच्या मुलांना "हे आपले काम नव्हे" असे सांगणारे जगात पुष्कळ आहेत. त्यांत आमची भर कशाला? आम्ही त्याला पंधरा दिवसांनी यायला सांगितले आणि स्वतः अभ्यासाला बसलो. आम्ही बी.कॉम. माणूस, विमानाशी आमचा संबंध बातमीपुरता. पण वाचता वाचता ध्यानात आले की या विद्येचा बराच भाग चक्क आमच्या खात्याचा आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट म्हणजे घरी विमान बनविणे हे थोतांड नाही. आपल्याच जिल्ह्याशी नाव जोडले गेलेले उदाहरण आहे. कॅप्टन अमोल यादव हे पेशाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान जुळविले. त्याआधीचे त्यांचे दोन प्रयत्न आकाश न पाहताच संपले होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात हे विमान लोकांपुढे आले. गच्चीवरून ते खाली उतरविणे हेच एक स्वतंत्र काम होते. क्रेन लावावी लागली. त्यानंतर कागदपत्रांची लढाई झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी मिळाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये चाचणी उड्डाणाचा परवाना मिळाला, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर ते हवेत उठले. मधल्या काळात, फेब्रुवारी २०१८ मध्ये, विमानांच्या कारखान्यासाठी पालघर जिल्ह्यात १५७ एकर जमीन देण्याचा करार राज्य सरकारने त्यांच्याशी केला, तेव्हा आमच्याकडेही नाक्यानाक्यावर त्याची चर्चा झाली होती. करार म्हणजे कारखाना नव्हे, हे फायली सांभाळणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको. पण गच्चीवरचे विमान खरे होते आणि ते उडाले.

तसे जव्हारलाही विमानाचे वावडे नाही. संस्थानचे अखेरचे राजे यशवंतराव मुकणे हे महादेव कोळी समाजाचे. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते. नावामागे फ्लाइट लेफ्टनंट हा हुद्दा लागणारा आदिवासी राजा आमच्या गावाने पाहिलेला आहे. मुलाला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मात्र यादवांचे विमान धातूचे, आणि ते स्वतः शिकलेले वैमानिक. आपल्या मुलाचे लाकडाचे, आणि त्याने विमान जवळून पाहिलेलेही नाही. हा फरक झाकून उपयोग नव्हता.

आम्ही या विषयात पडलो हे कळताच एका परिचित गृहस्थांनी आम्हांला स्टँडवर गाठले. "अहो, विमान तर आपल्याच माणसाने काढले, तळपद्यांनी! तेही वेदांवरून! राइट बंधूंच्या आधी!" असे मोठ्याने सांगितले. ही कथा महाराष्ट्रात घरोघर आहे. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' उडविले, असे सांगतात. तळपदे हे खरे गृहस्थ, त्यांची धडपडही खरी असेल. पण ते विमान उडाल्याचा त्या काळचा भरवशाचा पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचे नाव घेतले जाते, तो बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ साली तपासला. त्यांचा निष्कर्ष असा की ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णिलेले यंत्र उडण्याजोगे नाही. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. ग्रंथात आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगून अडीच हजार वर्षे होत आली. इथे तर प्रश्न जिवाचा आहे. पोथीवर भरवसा ठेवून कड्यावरून सुटणाऱ्याला कोणता ऋषी झेलणार?

मग राइट बंधूंनी वेगळे काय केले? दोघेही सायकल दुरुस्त करणारे, कॉलेजची पदवी नसलेले. त्यांचे १९०३ चे विमान लाकडाचेच होते. स्प्रूस आणि ॲश या झाडांचे लाकूड आणि वर मलमलीसारखे सुती कापड. १७ डिसेंबर १९०३ रोजी ते पहिल्यांदा उडाले ते १२ सेकंद आणि १२० फूट. पण त्याआधी दोन वर्षे त्यांनी काय केले ते बघा. १९०१ साली त्यांनी एक लाकडी पेटी केली, तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि पंखांचे दोनशेवर लहान नमुने एकेक करून त्यात धरून आकडे मांडले. जुन्या पुस्तकांतले आकडे त्यांना चुकीचे वाटले, म्हणून स्वतः मोजले. शिवाय इंजिन लावण्याआधी त्यांनी बिनइंजिनाची ग्लायडरे शेकडो वेळा वाळूच्या टेकड्यांवरून उडविली. म्हणजे त्यांचे विमान आधी वहीत उडाले, मग वाळूवर, आणि सर्वांत शेवटी इंजिनासह.

लाकूड विमानाला चालते का, असे पुष्कळजण विचारतात. चालते. आपल्याच देशात १९६१ साली 'रोहिणी' नावाचे दोन आसनी लाकडी ग्लायडर उडाले. एस. रामामृतम या आपल्या अभियंत्याने ते आखले, आणि कित्येक तरुण त्यावर हवेत तरंगायला शिकले. युद्धकाळात इंग्रजांचे 'मॉस्किटो' हे अत्यंत वेगवान लढाऊ विमान बव्हंशी लाकडाचे होते. बर्चच्या प्लायच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड. ते बनविण्याच्या कामात फर्निचर करणारे सुतार लागले होते. पण या मॉस्किटोची पुढची गोष्ट आमच्या मुलाने नीट ऐकावी अशी आहे. ती विमाने भारतात आली, इथल्या उष्ण-दमट हवेत उभी राहिली, आणि १९४४ साली काहींच्या पंखांचे सांधे सुटू लागले. काही विमाने हवेतच मोडली. चौकशी झाली, उड्डाणे थांबविली गेली. हवेचा दोष होताच, पण कारखान्यात सांधे नीट न बसविता गोंद फासल्याचाही दोष निघाला. म्हणजे लाकूड दगा देत नाही, सांधा देतो. आणि आमच्या जव्हारचा पाऊस तर कपाटातल्या कागदांनाही बुरशी आणतो.

पंधरा दिवसांनी मुलगा आला नाही. म्हणून आम्हीच गेलो. मोखाड्याला एस.टी.ने, पुढे जीपने आणि शेवटचा तुकडा पायी. घर कुडाचे, अंगण सारवलेले. पंख आड्याला टांगलेला होता. खाली उतरविला तेव्हा आमचा सगळा शहाणपणा क्षणभर गप्प झाला. काम सुबक होते. पंधरा फासळ्या, सगळ्या एका मापाच्या, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. लांब तुळई शिवणीची. ती दोन तुकड्यांची होती आणि मध्ये जोड होता. आईने आम्हांला पाणी दिले आणि विचारले, "पोराला नोकरी लागंल का याच्यावर?" आम्ही काय सांगणार?

बाप ओट्यावर बसून होता. आयुष्यभर नांगर, जू, घराचे खांब यांचीच लाकडे घडविलेला माणूस. आम्ही विचारले, "लाकूड तुम्ही निवडलंत?" तो म्हणाला, "मला कुठं इचारलं? त्यानं मोबाईलला इचारलं." मुलगा खाली बघू लागला. विमानाच्या लाकडाचे जे नियम आम्ही वाचून आलो होतो, ते या माणसाला एकेक सांगत गेलो. रेशे सरळ हवेत, पंधरा इंच लांबीत एक इंचाहून जास्त तिरके जाऊ नयेत. गाठ नको. ओलावा शेकडा दहा-बारापर्यंतच हवा. तो ऐकत होता आणि मान डोलावत होता. मग उठून त्याने तुळईवर नख फिरविले आणि एका जागी थांबला. "हितं वळसा हाय," म्हणाला. आम्हांला काहीच दिसत नव्हते. तिरप्या उन्हात धरल्यावर दिसले. रेशे तिथे खरोखरच वळून बाहेर जात होते.

शिवण का घेतली, असे मुलाला विचारले तर म्हणाला, हलकी म्हणून. ते बरोबर आहे. एक घनमीटर शिवण साधारण ४८० किलो भरते, साग ६५०, आणि ऐन आठशेच्या वर जातो. विमानात वापरतात तो परदेशी स्प्रूस सव्वाचारशेच्या आसपास असतो. म्हणजे शिवण त्याच्या बरीच जवळ बसते. साग मजबूत, पण जड, आणि तेलकट असल्याने त्याला गोंद नीट धरत नाही. हेही बापाला आधीपासून ठाऊक होते. (तोडीच्या परवान्याचा विषय आम्ही त्या दिवशी मुद्दाम काढला नाही. वाचकांनी तो गृहीत धरावा.)

गोंद कोणता, म्हणून विचारले. दुकानात फर्निचरसाठी मिळतो तो पांढरा. इथे आम्हांला थांबणे भाग होते. तो गोंद कपाटाला उत्तम, पण सतत भार पडला की हळूहळू सरकतो, आणि ऊन-ओलाव्यात नरम पडतो. घरगुती लाकडी विमाने करणारे लोक रिसॉर्सिनॉल किंवा खास एपॉक्सी वापरतात. लांबीचा जोड द्यायचा तर समोरासमोर टोके चिकटवीत नाहीत. जाडीच्या बारापट लांब तिरका काप घेऊन सांधतात. आणि प्रत्येक वेळी कालवलेल्या गोंदाचा एक नमुना सांधा वेगळा करून ठेवतात, वाळला की तो मुद्दाम मोडतात. मोडताना लाकूड फाटले तर सांधा पास. गोंदाची रेघ स्वच्छ उकलली तर नापास.

मुलगा म्हणाला, "साहेब, माझा जोड तुटणारच नाही."

"मग मोडून बघू," आम्ही म्हणालो. आणि इथे आमचे खाते आले.

अंगणातच वहीवर हिशेब मांडला. आकडे नमुन्याचे, पण पद्धत खरी. विमान माणसासकट ३०० किलोचे धरू. सरळ उडताना पंखांवर ३०० किलो भार. पण वळताना, झोत लागला असता, खालून वर येताना हा भार वाढतो. छोट्या साध्या विमानाचा पंख ३.८ पट भार सोसेल असा आखतात. म्हणजे ११४० किलो. त्यावर दीडपट सुरक्षेची, म्हणजे १७१० किलो. दोन पंख, तेव्हा एकावर ८५५ किलो. २५ किलोची एक गोणी धरली तर ३४ गोण्या. पंख उलटा ठेवायचा, कारण हवा त्याला खालून वर उचलते आणि गोण्या वरून खाली दाबतात. बुडखा दोन मोठ्या लाकडांत घट्ट आवळायचा, गोण्या बुडख्याकडे दाट आणि टोकाकडे विरळ रचायच्या.

पाड्यावरची सगळी पोरे ओढ्यातून वाळू भरायला धावली. आम्हीही दोन गोण्या उचलल्या, त्याचा हिशेब पुढे आठवडाभर कंबरेने दिला. पहिली गोणी. दुसरी. तिसरी. पंख हलला नाही. पोरांनी टाळ्या वाजविल्या. चौथ्या गोणीला टोक चार बोटे खाली आले. पाचवीला आतून बारीक कुरकुर ऐकू आली. सहावी गोणी बापाने स्वतः, अगदी अलगद ठेवली, आणि हात काढताच पंख मधल्या जोडाला काडकन मोडला.

कुणी बोलेना. मुलगा मोडलेल्या जागी बसून राहिला. सहा गोण्या म्हणजे १५० किलो, दोन पंखांचे मिळून ३००. म्हणजे विमानाचे नुसते स्वतःचे वजन. सूर्यमाळच्या कड्यावरून सुटल्यावर पंखांनी पहिल्यांदा पुरता भार घेतला असता, त्याच क्षणी ते मोडले असते. हे आम्ही बोललो नाही. वही त्याच्या हातात दिली, त्याने स्वतःच गुणाकार केला आणि बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. बापाने तुटलेली दोन टोके उचलली, उजेडात धरली. गोंदाची रेघ स्वच्छ उकलली होती. लाकडाचा एक रेशाही फाटला नव्हता.

मग आम्ही त्याला दोन घटना सांगितल्या. पहिली फ्रान्समधली. आंरी मिन्ये नावाच्या गृहस्थाने १९३३ साली लाकडाचे एक इटुकले विमान केले. पुढल्या वर्षी पुस्तक काढून सांगितले की पेटी ठोकता येणाऱ्या कुणालाही ते करता येईल. 'उडती पिसू' म्हणून ते गाजले. फ्रान्स-इंग्लंडात सुतारापासून मास्तरापर्यंत लोकांनी घरोघर ती विमाने केली. आणि मग माणसे मरू लागली. अखेर अख्खे विमान वाऱ्याच्या मोठ्या बोगद्यात धरून तपासले, तेव्हा कळले की नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की पुढच्या-मागच्या पंखांची एकमेकांत अशी अडचण होते की चालकाने दांडी कितीही ओढली तरी नाक वर येत नाही. बांधणारे मेले ते सुतारकामात चुकले म्हणून नव्हे. ज्याची तपासणी आधी व्हायला हवी होती, ती लोक मेल्यावर झाली. दुसरी घटना आपल्याकडची. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात २४ वर्षांचा एक वेल्डिंग कारागीर घरी बनविलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. पाते तुटून डोक्याला लागले आणि तो गेला. जमिनीवरच, उडण्याआधी. आठवीपर्यंत शिकलेला, मोबाईलवर बघून शिकलेला, गावाचे नाव व्हावे ही इच्छा असलेला मुलगा. त्याच्या जिवंतपणी त्याला एक जाणता तपासनीस मिळाला असता तर? गेल्यावर कौतुक करायला सगळे आले.

अमेरिकेत १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बनविणाऱ्यांची संघटना काढली. तिथली एक पद्धत आम्हांला फार आवडली. पंखाच्या सांगाड्यावर कापड चढविण्याआधी दुसरा अनुभवी बांधणारा येऊन प्रत्येक सांधा बघतो. एकदा कापड चढले की आतले काही दिसत नाही. आमच्या भाषेत हे ऑडिट झाले, आणि तेही बिल पास होण्याआधीचे.

जेवताना (नागलीची भाकर आणि उडदाचे भुजिंग होते) मुलाने आपणहून विचारले, "इंजिन कुठं बसवायचं हे पण वहीत येतं का?" येते. तेही खातेवहीसारखेच. नाकापासून प्रत्येक वस्तूचे अंतर मोजायचे, वजनाने गुणायचे, बेरीज करायची, एकूण वजनाने भागायचे. इंजिन ७० किलो, ५० सेंटिमीटरवर, म्हणजे ३५००. सांगाडा १२० किलो, १७० वर, २०,४००. पेट्रोल २० किलो, १२० वर, २४००. माणूस ६० किलो, २०० वर, १२,०००. बेरीज ३८,३००, वजन २७० किलो. भागाकार १४१ सेंटिमीटर आणि वर थोडे. हा झाला तोल. आता त्याच खुर्चीत ९० किलोचा माणूस बसवा. ४४,३०० भागिले ३००, म्हणजे जवळजवळ १४८. तोल सहा सेंटिमीटर मागे सरकला. तोल मागे सरकत गेला की नाक वर उठते, वेग मरतो, पंखावरची हवा सुटते आणि विमान दगडासारखे येते. मुलाने हिशेब दोनदा करून पाहिला, दुसऱ्यांदा मोबाईलशिवाय. आणि म्हणाला, "म्हणजे सरपंचांना बसवता येणार नाही." सगळे हसले. त्या दिवसातले पहिले हसू.

कायद्याचेही सांगितले. माणूस नेणारे विमान आपल्या मर्जीने हवेत न्यायला या देशात मुभा नाही. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला, पण डीजीसीएकडे नोंदणी आणि परवाना हवाच, ही गोष्ट कायम आहे. यादवांसारख्या शिकलेल्या वैमानिकाला यासाठी वर्षे घालवावी लागली. कागद हा जाच आहे, हे आम्ही कागदांतच आयुष्य काढलेला माणूस म्हणून कबूल करतो. पण पाड्यावरच्या मुलाच्या वाट्याला कागद येत नाहीत, तसा तपासनीसही येत नाही. ते आम्हांला जास्त सलते.

दोन लाखांचा अर्ज आम्ही लिहिला नाही. मुलाशी आणि बापाशी बोलून वेगळे ठरले. एक मीटर पंखाचे, बिनइंजिनाचे, बिनमाणसाचे ग्लायडर आधी करायचे. लाकूड बापाने निवडायचे. प्रत्येक गोंदाचा नमुना मोडायचा आणि तारखेसह वहीत लिहायचा. खर्च आमच्या अभ्यासिकेच्या पेटीतून, ४०० रुपयांच्या आत. आणि भट्टीची उचल नेहमीएवढीच, एक रुपया जास्त नाही. हे शेवटचे कलम आईने घातले.

त्यानंतरच्या महिन्यात आम्ही सूर्यमाळला गेलो. कड्यापासून दूर, मधल्या गवतावर. पहिल्या फेकीत ग्लायडर नाक वर करून तिथेच बसले. मुलाने वहीत लिहिले, नाकाला एक रुपयाचे नाणे चिकटविले. दुसऱ्यांदा नाक खाली खुपसले. नाणे दोन बोटे मागे घेतले. अकराव्या फेकीला ते सरळ निघाले आणि गवताला न शिवता ३८ पावले गेले. पावले बापाने मोजली. मुलगा मात्र धावला नाही, आधी वही उघडून आकडा लिहिला.

मोडलेला आठ फुटांचा पंख पुन्हा आड्याला आहे. त्याचा जोड सोडून देऊन बाप त्यातून नव्या तुळईसाठी सरळ रेशांच्या पट्ट्या काढतो आहे. परवा मुलाचा फोन आला होता. पुढच्या वेळी येताना ग्राफचे दोन कागद आणि सोनार वापरतात तसा लहान काटा आणाल का, म्हणून विचारीत होता. जव्हारच्या बाजारात काटा मिळाला, पण ग्राफचे कागद संपलेले आहेत. कुणा वाचकांकडे मुलांच्या वह्यांतून उरलेले असतील तर अभ्यासिकेच्या पत्त्यावर पाठवावेत.